डिसेंबर आला की शंटर अडखळतं: डिकोडरला हात लावण्याआधी आणि नंतर

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. मॉडेल रेल्वेतलं, एचओ स्केलचं म्हणजे खऱ्याच्या १:८७ आकाराचं, तीन आसांचं छोटं शंटर (यार्डात डबे हलवणारं) इंजिन, आत डीसीसी डिकोडर, म्हणजे रुळांतून येणारे डिजिटल हुकूम वाचून मोटर चालवणारी छोटी पाटी. पहिल्या स्पीड स्टेपला, म्हणजे वेगाच्या पहिल्या पायरीला, जागचं हलत नाही. चौथ्या-पाचव्याला एकदम उसळी मारून निघतं. थांबताना शेवटच्या इंचात हबकतं. सीव्ही, म्हणजे डिकोडरमधले बदलता येणारे आकडे, इकडेतिकडे केले की चार महिने बरं चालतं आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

माझ्याकडे हे तीन हिवाळे चाललं. दर डिसेंबरात मी सीव्ही २ वाढवायचो, म्हणजे इंजिनाला निघताना मिळणारं व्होल्टेज. दर मे महिन्यात तोच आकडा खाली आणायचो, कारण उन्हाळ्यात तेच इंजिन पहिल्या स्टेपलाच पळत सुटायचं. ३ चे १२ झाले, १२ चे २०, एकदा तर ३८. मी समजून बसलो होतो की डिकोडरच खराब आहे. डिकोडर ठणठणीत होता.

माझा लेआउट, म्हणजे रुळांची मांडणी, गच्चीवरच्या खोलीत आहे. आठ फूट बाय दोन फुटांच्या प्लायवर छोटं यार्ड, चार सायडिंग आणि एक डायमंड क्रॉसिंग, म्हणजे दोन मार्ग एकमेकांना आडवे छेदतात ती जागा. यार्डात डायमंड क्रॉसिंगचं काय काम, हे विचारू नका. नागपूरचा माणूस आहे, आमच्याकडचं खरं डायमंड क्रॉसिंग प्रसिद्ध, ते बसवल्याशिवाय राहवलं नाही. इंजिन मूळचं परदेशी शंटर, मी त्याला रंग देऊन आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएस-४ या डिझेल शंटरसारखं केलंय, चाकं जोडणाऱ्या दांड्या फिरतात वगैरे.

गल्लीत एक काका आहेत, रेल्वेत शंटर, म्हणजे यार्डात इंजिन चालवणारे, म्हणून निवृत्त झालेले. एकदा वर आले, इंजिन डब्याला लावताना बघितलं आणि म्हणाले, "काय करून राहिला बे? डबा जोडून राहिला का फोडून राहिला?" मग त्यांनीच माप दिलं. शेवटचे दोन-चार मीटर इंजिन असं आलं पाहिजे की बाजूने चालणारा माणूस आरामात त्याच्या पुढे निघून जाईल.

ते माप मी आकड्यात बसवलं. चालत्या माणसाचा निवांत वेग ताशी ३ किलोमीटर धरा. १:८७ ला तो सेकंदाला जेमतेम एक सेंटीमीटर होतो. शंटिंगची ताशी १५ किलोमीटरची मर्यादा धरली तरी सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे शाळेतली ३० सेंटीमीटरची पट्टी रुळाशेजारी ठेवायची, आणि इंजिनाने ती अर्ध्या मिनिटात, न अडखळता पार करायची. माझी परीक्षा एवढीच. "स्मूथ चालतं" म्हणणारे पुष्कळ भेटतात. पट्टी ठेवली की निम्म्यांचं इंजिन बारा सेकंदात पलीकडे गेलेलं असतं.

झटका कोणाच्या मागे लागलाय ते आधी बघा

इथे घाई केली की पुढचं सगळं फुकट. तीन वर्षं मी हीच घाई केली.

एका चाकावर व्हाइटनरचा बारीक ठिपका द्या. इंजिन जितकं हळू चालेल तितकं चालवा आणि डोळे रुळाच्या पातळीला आणून बघत बसा. झटका नेहमी रुळाच्या एकाच जागी येत असेल, तर दोष रुळाचा. इंजिन उलट तोंडाने ठेवूनही तिथेच येत असेल तर प्रश्नच मिटला. ठिपका एका ठराविक जागी आला की झटका बसत असेल, तर दोष चाकाचा, दांडीचा किंवा गिअरचा. साधारण १२ मिलिमीटर व्यासाचं चाक एका फेऱ्यात ३८ मिलिमीटर जातं. तेव्हा दर पावणेचार-चार सेंटीमीटरला एक आचका येतोय का, ते पट्टीवर मोजता येतं. झटका कुठेही, कसाही, मनात येईल तेव्हा येत असेल आणि त्याच क्षणी दिवा लुकलुकत असेल, तर वीज चाकांपर्यंत नीट पोचत नाही. आणि झटका थरथरल्यासारखा, एका लयीत येत असेल, दिवा मात्र स्थिर असेल, तर आणि तरच सीव्हीच्या पुस्तकाला हात लावा.

दिव्याकडे बघणं लोक विसरतात. समोरचा दिवा फुकटचा मीटर आहे. फक्त, रुळाची वीज क्षणभर तुटली तरी कपॅसिटरवर इंजिन चालू ठेवणारं स्टे-अलाइव्ह बसवलेलं असेल, तर ते या तपासापुरतं काढून ठेवा. त्याच्यामुळे दिवा खोटं बोलतो.

आणखी एक फुकटचं लक्षण. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (सीव्ही वाचायच्या-लिहायच्या वेगळ्या रुळावर) सीव्ही वाचताना डिकोडर "वाचलं, बरोबर" हे सांगण्यासाठी क्षणभर जास्त करंट ओढतो: किमान ६० मिलिअँपिअर, सुमारे ६ मिलिसेकंद. बहुतेक डिकोडर त्यासाठी मोटरलाच हलकी ठोकर देतात. वाचताना इंजिन तसूभर हलतं ते त्यामुळेच. तीनदा वाचलं आणि दोनदा चूक आली, तर डिकोडरला शिव्या देऊ नका. आधी चाकं आणि मोटरची जोडणी बघा.

रूळ, चाकं आणि नागपूरची हवा

आपल्याकडे धूळ म्हणजे नुसती माती नाही. कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांच्या बाजूला राहणाऱ्यांना सांगायला नको, गच्चीवर सकाळी बोट फिरवलं की करडी राख हाताला येते. ती रुळावर बसते, तेलकट चाकाखाली दाबली जाते आणि चाकाच्या कडेला काळा पट्टा तयार होतो. त्यातून एप्रिल लागला की कूलर. खोलीत कूलरचं तोंड लेआउटकडे असेल तर ओलसर हवा दिवसभर रुळांवर, आणि बोअरचं पाणी असेल तर त्यातले क्षारही. मी कूलरचं तोंड फिरवलं. पहिल्याच उन्हाळ्यात फरक कळला.

रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, सहज मिळतं. न उडणारं सुती फडकं बोटाला गुंडाळायचं, थोडं ओलं करायचं, पुसायचं, फडकं काळं येणं थांबेपर्यंत. सँडपेपर नको. ओरखडे पडतात आणि पुढची घाण त्याच ओरखड्यात घर करते.

चाकांसाठी टिश्यू अल्कोहोलमध्ये भिजवून रुळावर आडवा पसरायचा, इंजिनाची अर्धी चाकं टिश्यूवर आणि अर्धी उघड्या रुळावर ठेवायची, इंजिन हाताने धरून ठेवायचं आणि थ्रॉटल अर्ध्यावर न्यायचं. टिश्यूवर काळ्या रेघा उमटतात. मग इंजिन उलटं फिरवून बाकीची चाकं. खिडकी उघडी ठेवा आणि आसपास उदबत्ती नको, अल्कोहोल पेटतं. चाकांच्या पाठीला टेकून वीज घेणाऱ्या पितळी पत्त्याही बघा. माझ्या इंजिनात मधल्या आसाची एक पत्ती चाकापासून केसभर दूर होती. तीन आसांच्या इंजिनात सहा चाकं, त्यातलं एक मेलेलं. डायमंड क्रॉसिंगच्या प्लॅस्टिक फ्रॉगवर, म्हणजे रूळ छेदतात तिथल्या वीज नसलेल्या तुकड्यावर, आणखी एखादं चाक वीज सोडणार. मग बिचारं चालणार कशावर?

रुळांची जोडणी तपासायला नाणं. लेआउटच्या वीजपुरवठ्यापासून सगळ्यात लांबच्या टोकाला दोन रुळांवर एक नाणं आडवं ठेवा. कमांड स्टेशनने (रुळांना वीज आणि हुकूम देणाऱ्या डब्याने) ताबडतोब पुरवठा तोडला पाहिजे. तोडला नाही, तर तिथपर्यंतची तार किंवा जोडपट्टी कमजोर आहे, आणि ते नुसतं स्लो रनिंगपुरतं राहत नाही, खऱ्या शॉर्टमध्ये इंजिनाची चाकं वितळवू शकतं. नाणं लगेच उचला. लहानपणी खऱ्या रुळावर नाणी ठेवलेल्यांना हा उद्योग नवा नाही, फक्त इथे गाडीची वाट बघायची नाही.

खोबरेल

आता खरं कारण. लाज वाटते, पण लिहितो.

पहिल्या मे महिन्यात इंजिन कुरकुरत होतं. दुपारची वेळ, बाहेर ४५ च्या वर, शिलाई मशीनच्या तेलाची बाटली रिकामी. आईची खोबरेल तेलाची बाटली समोर होती, तेल पाण्यासारखं पातळ. सुईच्या टोकाने आसांना दिलं, वर्मला (मोटरच्या दांड्यावरच्या स्क्रूसारख्या गिअरला) दिलं, गिअरला दिलं. कुरकुर गेली. इंजिन लोण्यासारखं चाललं आणि मी ते विसरून गेलो.

तिसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी गच्चीवर गेलो तर आईने तीच खोबरेलची बाटली कठड्यावर उन्हात ठेवलेली. आत पांढरा घट्ट गोळा. मी ती बाटली बघत उभाच राहिलो. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं. मे महिन्यात खोलीत ४० अंश, डिसेंबरच्या सकाळी बारा-चौदा. माझ्या गिअरबॉक्समध्ये दर हिवाळ्यात मेणबत्ती तयार होत होती आणि मी ती सीव्ही २ ने वितळवायला बघत होतो. मुंबईत राहिलो असतो तर कदाचित कधी कळलंही नसतं.

खात्री करायला इंजिन टेबल-लॅम्पच्या पिवळ्या बल्बखाली वीस मिनिटं ठेवलं, हाताला कोमट लागेल इतकंच. रुळावर ठेवलं आणि पहिल्याच स्टेपला निघालं. ही परीक्षा तुम्हीही करा, तेल कुठलंही असो. कारखान्यातून येणारं ग्रीसही वर्षानुवर्षांत सुकून चिकट होतं. कोमट केल्यावर इंजिन सुधारत असेल तर डिकोडर निर्दोष आहे.

तेल घट्ट असताना उसळी का बसते, तेही समजून घेण्यासारखं आहे. पहिल्या स्टेपला डिकोडर थोडं व्होल्टेज देतो. मोटर फिरत नाही. डिकोडरला ते कळतं, कसं ते पुढे सांगतो, आणि तो जोर वाढवतो. तरी नाही, आणखी वाढवतो. तेलाची पकड एकदाची सुटते तेव्हा साठलेला सगळा जोर एकदम चाकांवर येतो. अडलेल्या गाडीला ढकलावं आणि ती अचानक निघाल्यावर आपणच तोंडावर पडावं, तसं. सीव्ही २ वाढवून मी त्या ढकलण्यात भर घालत होतो.

सफाई: बॉडी उतरवली, खालचं झाकण काढलं, चाकं बाहेर. जुना टूथब्रश, कानकोरणीच्या कापसाच्या काड्या आणि अल्कोहोल. गिअरच्या प्रत्येक दाताच्या खोबणीत पांढरं मेण होतं, टूथपिकने काढावं लागलं. पेट्रोल किंवा थिनर वापरू नका, प्लॅस्टिकचे गिअर मऊ पडतात, तडकतात. सुकल्यावर प्लॅस्टिकला चालणारं हलकं सिंथेटिक तेल, इन्सुलिनच्या सुईच्या टोकाने, प्रत्येक बेअरिंगला एकच थेंब. वर्मवर तांदळाच्या दाण्याएवढं प्लॅस्टिकला चालणारं ग्रीस. मोटरच्या कम्युटेटरवर तेल अजिबात नको. तिथे टूथपिकला अल्कोहोल लावून तांब्याचे पट्टे पुसायचे, बस. गंज सोडवायचा फवारा वंगण नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो.

चाकं परत बसवताना दांड्या लावण्याआधी इंजिन हाताने ढकलून बघा. मोटरकडचा गिअर काढून ठेवलेला असेल तर उतारावर स्वतःहून घरंगळलं पाहिजे. मग दांड्या लावा आणि पुन्हा ढकला. दांड्या लावल्यावरच अडत असेल, तर एखाद्या आसावर डावं-उजवं चाक कोनात सरकलंय, किंवा दांडीचं भोक तंग आहे. याला जगात कुठलाही सीव्ही नाही.

आता डिकोडर

एवढं केल्यावर माझं इंजिन पट्टी अठरा सेकंदांत पार करू लागलं. झटके गेले, पण थांबताना अजून हबकायचं. इथून पुढे सीव्हीचं काम खरं सुरू होतं, आणि ते करायला मजा येते, कारण आता आकडा बदलला की इंजिन खरंच ऐकतं.

आधी जुने आकडे वाचून ठेवा. जेएमआरआयचं डिकोडरप्रो हे मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल तर फाइल जतन करा, नसाल तर वहीत लिहा. मग रीसेट. बहुतेक डिकोडरमध्ये सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की होतो, तरी आपल्या डिकोडरचं पुस्तक बघा. रीसेटनंतर इंजिनाचा पत्ता ३ होतो. "इंजिनच गेलं" म्हणून घाबरू नका, ३ वर हाक मारा. माझ्यासारखी तीन वर्षांची लिंपालिंपी झाली असेल तर रीसेटला पर्याय नाही.

सीव्ही २९ बघा. त्यात दोन गोष्टी हव्यात: २८/१२८ स्टेप चालू, आणि अ‍ॅनालॉग बंद. अ‍ॅनालॉग चालू असलं की घाणेरड्या रुळावर सिग्नल क्षणभर तुटला तर डिकोडरला वाटतं आपण साध्या डीसीवर आहोत, आणि इंजिन भन्नाट सुटतं. अ‍ॅनालॉगची किंमत ४ आहे, ती वजा करायची. ६ असेल तर २, १४ असेल तर १०, लांब पत्ता वापरून ३८ झालं असेल तर ३४. थ्रॉटलवरही १२८ स्टेपच निवडा. पट्टीची परीक्षा २८ वर देणं म्हणजे जाड ब्रशने काजळ घालणं.

मग सीव्ही ३ आणि सीव्ही ४ शून्य. हे वेग वाढायला आणि कमी व्हायला लागणाऱ्या वेळाचे आकडे. ते चालू ठेवून बाकीचं जुळवणं म्हणजे रजई पांघरलेल्या माणसाचा ताप बघणं. सीव्ही ६५, म्हणजे निघतानाची ठोकर, तुमच्या डिकोडरमध्ये असेल तर तीही शून्य. सीव्ही २ एक. आणि इंजिन दोन्ही दिशांना दहा-दहा मिनिटं मध्यम वेगाने पळवून घ्या. थंड मोटरवर जुळवलेले आकडे अर्ध्या तासाने फसवतात.

आता त्या "डिकोडरला कळतं कसं" या प्रश्नाचं. मोटरला डिकोडर सलग वीज देत नाही, तुकड्या-तुकड्यांत देतो, सेकंदाला हजारो तुकडे. मधूनमधून तो अगदी थोडा वेळ वीज पूर्ण थांबवतो. त्या वेळात फिरती मोटर उलट जनरेटर होते आणि स्वतः थोडं व्होल्टेज तयार करते. जितक्या वेगाने फिरते, तितकं जास्त. डिकोडर ते मोजतो, थ्रॉटलवरून मागितलेल्या वेगाशी ताडतो आणि पुढचे तुकडे लहान-मोठे करतो. याला बॅक-ईएमएफ म्हणतात. हळू चालवण्याची सगळी जादू यातच आहे, आणि बहुतेक थरथरही यातूनच येते.

फरक दिसला की लगेच किती जोरात दुरुस्ती करायची, आणि फरक बराच वेळ टिकला तर साठवून किती करायची, असे दोन स्वभाव यात असतात. ईएसयूच्या डिकोडरमध्ये पहिला सीव्ही ५४ मध्ये, दुसरा सीव्ही ५५ मध्ये. झिमोमध्ये दोन्ही सीव्ही ५६ मध्ये एकत्र, दशमस्थानी पहिला आणि एककस्थानी दुसरा, मूळ आकडा ५५. इतर कंपन्यांचे क्रमांक वेगळे. माझं बघून दुसऱ्याच डिकोडरच्या ५४ मध्ये आकडा घालू नका, तिथे भलतंच काही असू शकतं.

माझा डिकोडर ईएसयूचा आहे. त्यात स्वतःच जुळवून घ्यायची सोय आहे: सीव्ही ५४ मध्ये ० लिहायचं, इंजिन लांब सरळ रुळावर ठेवायचं आणि एफ१ दाबायचं. इंजिन दीडेक सेकंद पूर्ण वेगाने पळतं, मोटर मोजतं, आकडे स्वतः भरून थांबतं. पूर्ण वेगाने, हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी रुळाचं टोक दोन फुटांवर होतं. इंजिन झेलताना कॉफीचा कप गेला. मीटर-दीड मीटर रिकामा रूळ ठेवा आणि टोकाला उशी.

आपोआप आलेले आकडे मध्यम वेगाला उत्तम होते. पहिल्या स्टेपला मात्र इंजिन शिलाई मशीनसारखं टकटक करत होतं: दिवा स्थिर, ठिपक्याशी संबंध नाही, बारीक एकसारखी थरथर. म्हणजे दुरुस्ती गरजेपेक्षा जोरात होतेय. मेन ट्रॅकवरूनच, इंजिन चालू असताना, सीव्ही ५४ पाच-पाचने कमी करत गेलो. पाच कमी, पट्टीवर एक फेरी, ऐकायचं. तिसऱ्या खेपेला टकटक मंद झाली, चौथीला गेली, पाचवीला इंजिन चढावर मरगळलं. म्हणून एक पाऊल मागे. एका वेळी एकच आकडा, आणि प्रत्येक खेपेला वहीत नोंद. दोन आकडे एकदम बदलले की कोणामुळे काय झालं हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

थांबण्याआधीचं हबकणं सीव्ही ५५ चं. मोटरला फ्लायव्हील (फिरण्याचा जोर टिकवणारं जड चाक) नसेल किंवा अगदी लहान असेल तर तो आकडा पाचाने वाढवून बघायचा, मोठं फ्लायव्हील असेल तर कमी करून. माझ्या इंजिनात फ्लायव्हील नावापुरतं. दोनदा वाढवल्यावर इंजिन हबकायचं थांबलं आणि पावलं मोजत उभं राहायला लागलं. या एका बदलाने जेवढं समाधान दिलं तेवढं बाकी कशाने नाही.

एवढं करूनही थरथर जात नसेल तर मोटरच्या दोन टोकांमध्ये बारीक कपॅसिटर जोडलेला आहे का बघा. जुन्या, डीसीसाठी बनलेल्या इंजिनांत रेडिओचा गोंगाट कमी करायला तो असतो. डिकोडर मोजायला थांबतो तेव्हा हा कपॅसिटर मधे लुडबुड करतो. काढला की बरेचदा फरक पडतो. जुनी तीन पोलची मोटर असेल तर अपेक्षाच थोडी खाली आणा, ती एका फेऱ्यात तीन ठिकाणी अडते, तो तिचा स्वभाव आहे.

सीव्ही २ सगळ्यात शेवटी. पहिल्या स्टेपला इंजिन निघतच नसेल तर १ चे २, २ चे ३. माझ्याकडे ३ वर थांबलं. तीन वर्षांपूर्वी कारखान्यातून आलं तेव्हाही ३ च होतं.

सीव्ही ५, म्हणजे कमाल वेग, शंटरसाठी निम्म्यावर आणा. डब्ल्यूडीएस-४ सारख्या इंजिनाला ताशी ६५ किलोमीटरच्या पुढे जायचंच नसतं. एचओमध्ये ते सेकंदाला सुमारे २१ सेंटीमीटर, एक मीटर पाच सेकंदांत. मोकळं सोडलेलं मॉडेल याच्या दुप्पट पळतं. कमाल खाली आणली की त्याच १२८ पायऱ्या कमी वेगात वाटल्या जातात आणि नॉब फिरवताना बोटाला जागा मिळते. सीव्ही ६, मधला वेग, कमाल आकड्याच्या निम्म्याहून थोडा कमी. सीव्ही ३ आणि ४ शेवटी चवीपुरते. मी सीव्ही ३ ला थोडा वेळ दिलाय, सीव्ही ४ ला कमी. शंटिंग करताना थांबायचं तिथे थांबलंच पाहिजे.

स्टे-अलाइव्ह बसवावं का? डायमंड क्रॉसिंगसाठी मी शेवटी बसवलं, पण सगळं जुळल्यावर. आधी बसवलं असतं तर मेलेली पत्ती आणि घाणेरडी चाकं झाकली गेली असती. २.७ व्होल्टचे सुपरकपॅसिटर स्वतः जोडणार असाल तर सहा ओळीत जोडूनही १६.२ व्होल्टच होतात, तेव्हा आपल्या रुळावरचं व्होल्टेज आधी मोजा. डिकोडरवर त्यासाठीची वेगळी जागा कुठे आहे हे पुस्तकात बघूनच सोल्डर टेकवा. निळी तार (धन बाजू) सापडते, ऋण बाजू मात्र साध्या आठ पिनांच्या प्लगमध्ये नसते. ती डिकोडरच्या पाटीवरच शोधावी लागते, आणि तिथे चुकलं की डिकोडर गेला.

मे महिन्यात मोजलं तेव्हा पट्टी ३० सेकंदांत पार झाली होती. या जानेवारीत सकाळी, खोलीत १२ अंश असताना, ३२. मधल्या काळात एकही आकडा बदललेला नाही. काका त्या दिवशी चहा घेऊन वर आले होते. इंजिन डब्याकडे जाताना बघत होते, मान तिरपी करून आवाज ऐकत. थोड्या वेळाने म्हणाले, "लागला का बे?"

डबा केव्हाच जोडला गेला होता.